यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचं मेथडिस्ट चर्च आणि आम्ही नवापूरचे अलायन्सवाले : एक पान लिहायचंय, मदत करा

रंगावलीकाठ

नमस्कार मंडळी.

माझी धाकटी मुलगी नर्स आहे. सध्या इंग्लंडात यॉर्कशरच्या किनाऱ्यावर, फाइलीच्या जवळ एका खेड्यात राहते. ड्युटी नसेल त्या रविवारी तिथल्या मेथडिस्ट चर्चला जाते. मोजकी माणसं, बहुतेक सत्तरीच्या पुढची, पण पोरीला त्यांनी घरच्यासारखं धरलंय. आता त्या चर्चचा इतिहास लिहून भिंतीवर फलक लावायचं काम निघालंय. तिथल्या पाळकबाईंनी हिला सांगितलं, तुझंही एक पान हवं. तुझ्या गावाकडे ख्रिस्ती मंडळी कशी उभी राहिली ते लिही, कारण आता तूही याच चर्चची आहेस. तिने मला फोन केला, "आई, तू सांग, मी इंग्रजीत करते."

आम्ही नवापूरकडचे, मावची आदिवासी. माझे सासरे प्रचारक होते. खांद्याला झोळी, त्यात शुभवर्तमान, गीतांचं पुस्तक आणि भाकर, असे पायी विसरवाडीपर्यंतची गावं करायचे. आमचं पहिलं चर्च कुडाचं होतं, वर गवत. नंतर विटांचं झालं, मग पत्रे, आता स्लॅब. एवढं मला सांगता येतं. पण मेथडिस्ट म्हणजे नेमकं काय, आणि आमचं अलायन्स, म्हणजे आमच्याकडे आलेलं मिशन, त्यांच्याशी कुठे जुळतं, हे मला कुणी कधी सांगितलं नाही. व्याऱ्याला माझी नणंद दिलीय, ते लोक ब्रदरन नावाच्या मिशनचे. नडियादचा दवाखाना मेथडिस्ट. एकाच पट्ट्यात इतकी नावं का?

आणखी एक. पोरगी म्हणते, त्या एवढ्याशा गावात दोन मेथडिस्ट चर्च होती. एकात हे लोक जमतात, दुसरं विकलं, तिथे सुट्टीला येणारे पाहुणे राहतात. एवढ्या लहान कोळ्यांच्या गावाला दोन कशाला लागली?

तिथे शरदात समुद्राच्या हंगामाची उपासना होते म्हणे. वेदीपुढे जाळी अंथरतात, खेकड्यांचे पिंजरे ठेवतात. आमच्याकडे कापणीच्या सणाला भाताच्या पेंढ्या, तूर, लाल भोपळे येतात, कोंबड्यांचा लिलाव होतो. तो फोटो पाहून मला फार आपलंसं वाटलं, म्हणून एवढं विचारतेय. सुरुवात कुठून करायची तेही सांगा.

तापी_पॅसेंजर

ताई, नावं इतकी का, त्याचं उत्तर सोपं आहे. मिशनांनी आपापसात प्रदेश वाटून घेतले होते. एकाच्या भागात दुसऱ्याने काम उघडायचं नाही, असा समझोता. सुरत–भुसावळ लाइनने या. व्यारा, आहवा, वलसाड हा भाग अमेरिकन ब्रदरनांचा. नवापूरचा तो प्लॅटफॉर्म, अर्धा गुजरातेत अर्धा महाराष्ट्रात, ओलांडला की नंदुरबार–धुळ्याकडे स्कँडिनेव्हियन आणि स्वीडिश अलायन्स. पुढे जळगाव, भुसावळ, चाळीसगाव ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सकडे, ते वऱ्हाडात अकोल्यापर्यंत. मेथडिस्ट वर गुजरातेत, नडियाद–बडोद्याकडे. तुमच्या नणंदेचं आणि तुमचं नाव वेगळं पडलं ते या वाटणीमुळे. श्रद्धेत फरक होता म्हणून नव्हे.

बाकीचं बोरीकाठच्या सरांना विचारा, ते येतीलच.

बोरीकाठचा मास्तर

ताई, मी अमळनेरला इतिहास शिकवायचो. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, तेव्हा थोडं लांबेल.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. इमारतीपासून सुरुवात करू नका. चर्चचा इतिहास म्हटलं की लोक पायाभरणी, कोनशिला, उद्घाटन, कोण साहेब आला, इथून लिहायला लागतात. मेथडिस्टांच्या बाबतीत तर ते साफ चुकीचं ठरतं. त्यांच्यात इमारत सगळ्यात शेवटी येते. आधी माणसं, मग आठवड्याची वर्गणी, मग भिंती.

मेथडिस्टांची सुरुवात ज्यांच्यापासून झाली ते जॉन वेस्ली १७०३ साली जन्मले, इंग्लंडच्या सरकारी चर्चचे पाळक. १७३९ पासून ते ब्रिस्टलजवळ उघड्यावर उपदेश करायला लागले, कोळशाच्या खाणीत राबणाऱ्यांपुढे. ब्रिस्टलला एक सभागृह बांधलं, त्याचं कर्ज झालं. फेब्रुवारी १७४२ मध्ये कर्ज फेडायचं कसं म्हणून बैठक बसली. फॉय नावाचा एक जहाजाचा कप्तान उठून म्हणाला, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, पुष्कळांना तेवढंही झेपणार नाही. तो म्हणाला, सगळ्यांत गरीब अकराजण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्या दारी जाईन, आणि ज्याला जमणार नाही त्याचं मी भरीन.

झालं, बारा-बारा जणांचे वर्ग पडले. आता बघा, वसुलीला घरोघर जाणारा माणूस काय बघतो? कोण आजारी आहे, कोण पिऊन पडलाय, कुठे नवरा-बायकोचं वाजलंय, कुणाच्या चुलीत आज जाळ नाही. वेस्लींच्या हे लक्षात आलं आणि वसुलीची ही रचना त्यांनी मंडळीचा कणाच करून टाकली. आपल्या बायकांचा बचत गट चालतो ना, तसंच. पैसे निमित्त, एकमेकींची खबर हे खरं काम. दर तीन महिन्यांनी प्रत्येक सभासदाला छापील तिकीट मिळायचं, त्यावर त्याचं नाव. ज्याला आयुष्यात कधी कुणी नावानिशी विचारलं नव्हतं, त्या मजुराच्या हातात स्वतःचं नाव असलेला कागद. हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

दुसरी गोष्ट, उपदेशक. पगारी पाळक थोडे असत आणि त्यांची काही वर्षांनी बदली व्हायची. एकेका सर्किटमध्ये, म्हणजे पाळकांच्या फेरीच्या भागात, पुष्कळ गावं. मग दर रविवारी उपदेश कोण करणार? स्थानिक उपदेशक. सुतार, लोहार, शेतमजूर, मच्छीमार. तीन महिन्यांचा तक्ता छापायचे, कुठल्या रविवारी कुठल्या गावी कोण, आणि तो माणूस आठवडाभर काम करून रविवारी पायी जायचा. ताई, तुमचे सासरे झोळी घेऊन विसरवाडीकडे जायचे म्हणता. त्या तक्त्यात त्यांचं नाव शोभलं असतं.

आता फाइली. मुलगी त्याच्या जवळच राहते म्हणून हे तिला नक्की सांगा. १८२० च्या आसपास तिथे मच्छीमारांची वस्ती, आणि उपदेशकाला गाव उभं करत नव्हतं. सभेत डुकरं सोडायची, वाळलेले मासे फेकून मारायचे, अशा हकिकती सांगतात. ब्रिडलिंग्टनच्या मंडळीची बैठक भरली आणि फाइलीचा नाद सोडा असं ठरत आलं. तेव्हा जॉन ऑक्स्टोबी नावाचा एक साधा माणूस उभा राहिला. फारसा शिकलेला नाही, प्रार्थना करणारा म्हणूनच ओळखला जायचा. म्हणाला, मला जाऊ द्या. १८२३ ची गोष्ट. फाइली दिसायला लागते त्या मस्टनच्या चढावर तो गुडघ्यावर बसला आणि मोठमोठ्याने देवाशी बोलू लागला. वाटेने जाणाऱ्या एका गिरणीवाल्याला वाटलं, दोन माणसांची हुज्जत चाललीय. तू मला तोंडघशी पाडू नकोस, मी परत जाऊन लोकांना काय सांगू, अशी त्याची देवाशी ओढाताण. मग उठला आणि म्हणाला, "फाइली जिंकलं!" तेव्हा त्याने गावात पाऊलही टाकलं नव्हतं.

त्यानंतर मात्र गाव खरंच बदललं. फाइलीच्या मच्छीमारांनी रविवारी समुद्रात जाणं सोडलं. शेतकऱ्याला हे नीट समजेल असं सांगतो. हंगाम थोड्या दिवसांचा, माशांचा थवा आलाय, शेजारच्या गावच्या होड्या रविवारी जाळी टाकताहेत, आणि तुम्ही किनाऱ्यावर बसायचं. पेरणीची वाफ आलेली असताना तिफण उभी ठेवणाऱ्यालाच त्याची किंमत कळते. त्यांनी ती मोजली. त्या मच्छीमारांचं गायकवृंद अजून आहे, गडद निळे हाताने विणलेले स्वेटर घालून गातात. मुलीला म्हणावं, संधी मिळाली तर जाऊन ऐक.

रंगावलीकाठ

सर, वाचून डोळे भरून आले. पोरीला लगेच पाठवलं. ती म्हणते, मस्टन तिच्या बसच्या रस्त्यावर आहे.

पण दोन चर्चचं राहिलं. आणि सर, अलायन्सचं काय? वेस्लींशी आमचं काही नातं लागतं की नाही, ते स्पष्ट सांगा. फलकावर खोटं जायला नको.

बोरीकाठचा मास्तर

बरोबर बोललात, खोटं जायला नको. दोन्हीचं सांगतो.

दोन चर्च का. वेस्ली १७९१ साली वारले. त्यानंतर त्यांचे अनुयायी हळूहळू प्रतिष्ठित होत गेले. १८०३ मध्ये त्यांच्या कॉन्फरन्सने, म्हणजे वार्षिक सभेने, बायकांच्या उपदेशाला जवळपास बांधच घातला. १८०७ च्या ३१ मेला ह्यू बोर्न हा सुतार, विल्यम क्लोज हा कुंभारकामातला कारागीर आणि त्यांच्या सोबत्यांनी मौ कॉप नावाच्या डोंगरावर दिवसभराची उघड्यावरची प्रार्थनासभा भरवली. मोठ्यांना ते रुचलं नाही. दोघांनाही पुढे सभासदत्वातून काढलं. मग त्यांनी वेगळी शाखा उभी केली, प्रिमिटिव्ह मेथडिस्ट, हे नाव १८१२ चं. मजुरांची, खाणकामगारांची, मच्छीमारांची. त्यांच्यात बायका उपदेश करायच्या. १८१९ ला क्लोज हल बंदरात पोचले आणि तिथून ही लाट यॉर्कशरच्या किनाऱ्याने वर सरकली. फाइलीचा ऑक्स्टोबी याच शाखेचा.

म्हणजे एकाच गावात वेस्लियन चर्च, तिथे दुकानदार, जहाजमालक, आणि दुसऱ्या आळीत प्रिमिटिव्ह, तिथे होडीवर राबणारे. अगदी पक्की विभागणी होती असं नाही, पण कल तसा. १९३२ मध्ये सगळ्या मोठ्या शाखा पुन्हा एक झाल्या, आणि गावोगाव दोन-दोन इमारती उरल्या. एक ठेवायची, एक विकायची. तुमच्या मुलीने ते विकलेलं चर्च जाऊन बघावं. दर्शनी भिंतीच्या तळाशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर, कोरलेले दगड आहेत का ते पाहावं. अनेक ठिकाणी असे एक-दोन नव्हे, रांगेने दगड असतात, प्रत्येकावर वेगळं नाव. ज्याने पैसे दिले किंवा गोळा करून आणले, त्याच्या नावाचा दगड. कधी संडेस्कूलच्या मुलांच्या नावाचाही असतो. तिथे पाहुणे राहत असले तरी दगड बाहेरच आहेत. ती नावं उतरवून आणली तर फलकाचा निम्मा मजकूर हाती लागला.

कागद हवे असतील तर तिकडच्या मंडळीला माहीत असेलच, पण तरी सांगतो. बाप्तिस्म्याची आणि सभासदांची जुनी रजिस्टरं बहुधा काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात जमा असतात. मेथडिस्टांचा मोठा संग्रह मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयात आहे. आणि १८५१ च्या ३० मार्चला, त्या एका रविवारी, कुठल्या प्रार्थनास्थळी किती माणसं आली याची सरकारने नोंद घेतली होती. त्या गावच्या दोन्ही चर्चचे आकडे तिथे शोधावेत.

आता अलायन्स. नातं संस्थेचं नाही, हे आधी लिहा. स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन फ्रेडरिक फ्रान्सन नावाच्या मूळच्या स्वीडिश माणसाने १८९० मध्ये शिकागोला काढलं. १९४९ पासून त्याचं नाव इव्हँजेलिकल अलायन्स मिशन. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स काढणारे ए. बी. सिम्प्सन मूळचे कॅनडाचे, प्रेस्बिटेरियन. दोघेही मेथडिस्ट नव्हते. पण साध्या माणसाने, पदवी नसताना, आपल्या बोलीत उपदेश करायचा, हृदयपालट महत्त्वाचा मानायचा, घरी जमायचं, ही जी रीत आहे ती त्या आधीच्या लाटेनेच जगभर रुजवली. नातं तिथे आहे. त्याहून जास्त दावा करू नका.

आणखी एक बारकावा, तिकडच्या लोकांना तो आवडेल. आपल्याकडे दोन वेगळे मेथडिस्ट आले. ब्रिटिश मेथडिस्ट, म्हणजे मुलगी जाते त्या चर्चचे, यांच्या इथल्या मंडळ्या दक्षिणेत १९४७ साली चर्च ऑफ साउथ इंडिया या अनेक चर्च मिळून झालेल्या एकत्रित चर्चमध्ये गेल्या आणि उत्तरेत २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं त्यात गेल्या. ब्रदरनही त्यातच, म्हणजे तुमच्या नणंदेचं व्यारा. अमेरिकन मेथडिस्ट मात्र शेवटच्या घटकेला मागे राहिले आणि १९८१ मध्ये मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वायत्त झाले. नडियादचे हे. तेव्हा नावावर जाल तर मुलीचं चर्च नडियादशी जुळतं, पण एकत्रीकरणाच्या हिशेबाने ते तुमच्या व्याऱ्याच्या नणंदेला जास्त जवळचं. हे मला फार छान वाटतं.

लोको_शेड_भुसावळ

मास्तरांना जोडून. अमेरिकन मेथडिस्ट आपल्या बाजूला कसे आले ते सांगायला हवं, कारण ते रेल्वेचं आहे आणि रेल्वे आमचा जीव.

विल्यम टेलर हे कॅलिफोर्नियात रस्त्यावर उभं राहून उपदेश केलेले गृहस्थ. १८७१ च्या नोव्हेंबरात मुंबईला पोचले. घरोघरी वर्ग सुरू केले, १८७२ मध्ये मुंबईची मंडळी उभी राहिली. त्यांचा हट्ट एकच, परदेशातून पगार मागवायचा नाही. इथल्या सभासदांनी इथला पाळक पोसायचा. इंग्रजी बोलणारी गोरी आणि अँग्लो-इंडियन माणसं, त्यात रेल्वेची पुष्कळ. म्हणून जी. आय. पी. रेल्वेच्या घाटाखालच्या-वरच्या वसाहतींतून, इगतपुरी, लोणावळा अशा ठिकाणी हे काम पसरलं. ड्रायव्हर, गार्ड, फिटर हे वर्गाचे सभासद. त्यांच्या बदल्या व्हायच्या तशी मंडळीही गाडीबरोबर पुढच्या स्टेशनला जायची.

मुंबईत त्यांना जॉर्ज बोवेन येऊन मिळाले. हा माणूस १८४८ पासून मुंबईत, मिशनचा पगार सोडून बाजारवस्तीत राहायचा. १८८८ ला वारेपर्यंत तसाच राहिला. कुलाब्याला त्यांच्या नावाचं चर्च आजही आहे.

सातपुड्याचा_धाकटा

मी तळोद्याचा, ख्रिस्ती नाही. पण ताई, एक कळकळीची विनंती. पानावर दारूबंदीचा उल्लेख येणारच, कारण तिकडच्या मेथडिस्टांचा तो मोठा विषय होता आणि आपल्याकडच्या मंडळ्यांचाही. पण मिशन आलं आणि आदिवासींनी मोहाची सोडली, एवढंच लिहू नका. आमच्याकडे मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३८ मध्ये आरती सुरू केली. 'आप की जय' म्हणत लाखांनी माणसं जमायची, दारू सोडायची, आंघोळ करून स्वच्छ कपड्यात आरतीला बसायची. महाराज त्याच वर्षी गेले, पुढे बंधू रामदास महाराजांनी चालवलं. आमच्या घरात आजोबांनी तेव्हाच सोडली. परदेशातल्या भिंतीवर आमच्या लोकांबद्दल लागणारं ते एकच पान असेल. त्यात आम्ही आमच्याच पायाने चाललो होतो, हे दिसू द्या.

बोरीकाठचा मास्तर

धाकटे भाऊ, शंभर टक्के. ताई, हे दोन ओळींत का होईना, घ्याच.

आणि मुलीला नुसती आठवण सांगून थांबू नका. तुमच्या मंडळीत वर्गणीची जुनी वही असेल. बाप्तिस्म्याचं रजिस्टर, पंचांच्या बैठकीचं प्रोसिडिंग, चर्चच्या जागेचा सातबारा. जागा कुणी दिली? बहुतेक गावांत कुणा एका शेतकऱ्याने बांधाकडेचा तुकडा दिलेला असतो आणि त्याचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं, मिशनऱ्याचं मात्र असतं. विटा कुणी पाडल्या, पाणी कुणी वाहिलं, हे आज ऐंशीच्या घरातल्या बायकांना माहीत आहे. त्यांना आत्ताच विचारा. मोबाइलवर रेकॉर्ड करा, मावचीतच बोलू द्या.

रंगावलीकाठ

तापीदादा, सर, लोकोभाऊ, धाकट्या, सगळ्यांचे आभार.

मी कालच पंचांकडे गेले. वर्गणीची वही सापडली, वरचं पुठ्ठं वाळवीने खाल्लंय, आतलं शाबूत. रोख रक्कम थोड्यांनीच दिलीय. बाकी नोंदी अशा : "भात एक पायली", "अंडी चार", "कोंबडा एक", "दोन दिवस मजुरी". आणि एका बाईच्या नावापुढे दर महिन्याला "मूठ तांदूळ". चुलीवर भात टाकायच्या आधी एक मूठ बाजूला काढून ठेवायची आमच्याकडे रीत होती, महिनाअखेर ते चर्चला आणायचे. ती बाई माझ्या सासूची आई निघाली. मला माहीतच नव्हतं.

तर मी असं ठरवलंय. पान या वहीपासून सुरू करायचं. एका पानाचा फोटो, खाली मजकूर. जागा देणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावरून काढतेय, तलाठ्याकडे अर्ज दिलाय. सासऱ्यांचं येईल, पण इतर प्रचारकांच्या बरोबरीने. गुलाम महाराजांच्या दोन ओळी येतील. अलायन्सचं सरांनी सांगितलं तसंच, जास्तीचा दावा न करता.

पोरगी रविवारी त्या विकलेल्या चर्चपाशी जाऊन आली. दगड आहेत, सर. खालच्या ओळीत, रंगाचा हात मारलाय तरी अक्षरं लागतात. तिने फोटो पाठवलेत, एकावर आडनाव नाही, नुसती आद्याक्षरं आणि साल १८७०-नंतरचं काहीतरी. इथे टाकते. कुणाला अशा दगडांवरची अक्षरं वाचायची सवय असेल तर बघा. आणि सर, मावचीत रेकॉर्ड केलेलं मराठीत उतरवून द्यायला नंदुरबारकडचं कुणी आहे का ओळखीचं? मला ऐकून कळतं, पण लिहायला बसले की हात थांबतो.